सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी रंगवता येईल का?

पाऊस पुरता थांबला आणि दिवाळी सरली, की या सदराकडे गाडीच्या रंगाबद्दलची पत्रं वाढतात. वेळ अगदी बरोबर आहे. मुंबईच्या हवेत उघड्यावर रंगकाम करायला नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर एवढाच काळ भरवशाचा. यंदाच्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी विचारलंय, 'रंग कुठला घेऊ?' आमच्या उत्तरांत मात्र रंगापेक्षा घासण्याबद्दलच जास्त सापडेल, कारण घरच्या रंगकामाचं बरंवाईट डब्याचं झाकण उघडण्याआधीच ठरलेलं असतं.

माझी 2009 ची पांढरी अल्टो आहे. छत आणि बॉनेट खडूसारखं झालंय, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. बाकी गाडी बरी आहे. गॅरेजमध्ये पूर्ण गाडीचे 35 हजार सांगितले, माझ्याकडे फार तर सहा हजार आहेत. कॉम्प्रेसर नाही, गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असते. रोलरने रंगवली तर चालेल का? (वाचक, विक्रोळी)

चालेल. पण त्याआधी रंगवायची खरंच गरज आहे का, ते बघा. हाताला लागणारी भुकटी म्हणजे उन्हाने वरचा राळेचा अंश खाल्ला आणि आतली रंगद्रव्याची पूड उघडी पडली. वर क्लिअरचा पारदर्शक थर असता तर भुकटी आली नसती, पापुद्रे सुटले असते. (लाल किंवा निळ्या गाडीवर ओळख आणखी सोपी: रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायची घासायची पेस्ट, लावून घासलं की फडक्यावर रंग उतरतो.) तेव्हा बॉनेटच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर कंपाउंड घेऊन ओलसर फडक्याने पाच मिनिटं नीट घासा. खालून चकाकी आली, तर कंपाउंडचा एक डबा आणि दोन रविवार एवढ्यावर काम भागेल. कडांवर मात्र हात हलका ठेवा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. घासताना करडा प्रायमर डोकावू लागला, तर रंग संपलाय, मग रंगवायलाच हवं.

दुसरी गोष्ट, पूर्ण गाडी रंगवू नका. खराब आहे ते छत आणि बॉनेट, तेवढंच करा. दोन्ही आडवे भाग आहेत, त्यांच्यावर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे दारांशी छटेत किंचित फरक पडला तरी डोळ्याला खुपत नाही. क्षेत्रफळ तीन चौरस मीटरच्या आत. एक लिटर सिंथेटिक एनॅमल पुरेल, थोडं उरेलही. (पूर्ण छोट्या गाडीला तीन लिटरच्या आसपास लागतो.)

आणायचं सामान असं: हाय ग्लॉस एनॅमल 1 लिटर, मिनरल टर्पेंटाइन 2 लिटर, मेटल प्रायमर अर्धा लिटर, चार इंची बारीक फोमचे रोलर सहा, एक ट्रे, वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) 400 नंबरचे चार, 800 चे सहा, 1500 आणि 2000 चे प्रत्येकी चार, घासायला रबरी ठोकळा, मास्किंग टेपची दोन रिळं, कंपाउंडचा लहान डबा. घरात लावायचा नुसता 'व्हाइट' उचलू नका. मारुतीचा सुपिरियर व्हाइट, कोड 26U, हा त्याच्याशी जुळत नाही. पेट्रोलच्या तोंडावरचं झाकण आधी कंपाउंडने उजळा आणि टिंटिंग मशीन असलेल्या रंगाच्या दुकानात त्याच्याशी ताडून छटा बनवून घ्या. सहा हजारांतले दीड हजारांहून जास्त रंगावर घालवू नका. पेपर आणि टेप यांत काटकसर केली तर ती काम झाल्यावर दिसते.

रोलर फोमचा असल्याने एक चाचणी आधी करा: एक रोलर रात्रभर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा. सकाळी फोम फुगला किंवा बोटांत कुस्करला गेला, तर ते रोलर दुकानात परत. नाहीतर त्याचे कण रंगात बसतील.

पहिल्या दिवशी भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुवा. वायपर, वॉशरच्या नळ्या, अँटेना, छताच्या कडेच्या पट्ट्या काढा. काढता येतं ते काढायचं, टेपने झाकायचं नाही, कारण रंग सुटायला सुरुवात होते ती टेपच्या रेषेपासून. मग 400 च्या पेपरने, बादलीतलं पाणी घेत, ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासा. जुन्या रंगाची चकाकी पूर्ण मेली पाहिजे. तिरक्या उजेडात बघा. चकाकणारा एखादा ठिपका उरला असेल, तर तिथे नवा रंग धरणार नाही. पाणी पुसा आणि छताच्या पन्हळीत, बॉनेटच्या दुमडीत अडकलेलं पाणी पूर्ण सुकेपर्यंत थांबा. रोलर फिरवताना तिथून एक थेंब ओघळला तरी तो पट्टा पुन्हा घासावा लागतो. पत्रा उघडा पडला असेल तिथेच प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि दुसऱ्या दिवशी तो 400 ने सपाट करा.

आता रंग. एक लिटरला 250 मिली टर्पेंटाइनपासून सुरुवात करा, पातळपणा दुधाच्या आसपास आला पाहिजे. जुन्या पत्र्यावर एक पट्टा ओढा आणि जवळून बघा. रोलरमागे बारीक बुडबुडे दिसतील. ते अर्ध्या मिनिटात आपोआप फुटून पृष्ठ सपाट झालं तर मिश्रण जमलं. बुडबुडे तसेच बसले तर आणखी 50 मिली घाला. रंग उभ्या कडेवरून धावू लागला तर फार पातळ झालाय.

बॉनेटचे मनाने दोन भाग करा. रोलर ट्रेवर निथळवून घ्या, आधी उभा फिरवा, मग आडवा, आणि शेवटी एकाच दिशेने, रोलरच्या स्वतःच्या वजनावर. तीन-चार मिनिटांनंतर त्या जागी परत जाऊ नका. राहिलेला ठिपका पुढच्या हातात भरून निघतो.

पहिला हात बघून वाटेल की गाडीची वाट लावली. खालचं सगळं आरपार दिसतं, पट्टे दिसतात. ते तसंच दिसायला हवं. इथेच घाबरून लोक दुसरा हात जाड देतात आणि तिथेच काम बिघडतं: एनॅमल वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सायीसारख्या सुरकुत्या पडतात. दिवसाला एकच पातळ हात. दर दोन हातांनी 800 चा ओला पेपर, हलक्या हाताने, फक्त दाणे आणि लाटा जाण्यापुरता. असे सहा हात.

वेळ सकाळी नऊ ते बारा. थंडीत सकाळी मुंबईत जमिनीकडून कोरडा वारा येतो, दुपारी तो समुद्राकडून फिरतो आणि दमट हवा व धूळ दोन्ही आणतो. पत्र्याला तळहात सुखाने टेकवता आला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर रोलरच्या खुणा बसतात.

शेवटच्या हातानंतर गाडी वापरा, पण घासू नका. तीन-चार आठवड्यांनी 1500, मग 2000 चा पेपर, मग कंपाउंड. चकाकी येते ती या टप्प्यावर.

एक गोष्ट मात्र ठरवूनच सुरुवात करा. पुढे कधी गॅरेजमध्ये पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारायचा असेल, तर हा सगळा एनॅमल आधी खरवडून काढावा लागेल. पीयूचा थिनर खालच्या एनॅमलला फुगवतो. दोन वर्षांत गाडी विकणार असाल, तर नुसतं कंपाउंड मारून थांबणं शहाणपणाचं.

पांढऱ्या गाडीचा रंग काळा केला तर आरटीओत काही करावं लागतं का? (वाचक, अंधेरी)

हो. आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदीशी विसंगत ठरणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आधी आपल्या आरटीओची (तुमच्यासाठी अंधेरी) मंजुरी, मग रंग, मग आरसीत नोंद, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, याच क्रमाने. तोच रंग पुन्हा देत असाल तर यातलं काही लागत नाही. ऑलिव्ह ग्रीन मात्र कुणी मनात आणू नये, तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. पैशाच्या दृष्टीनेही रंगबदल महाग पडतो: दारांच्या आतल्या चौकटी, डिकीचं आतलं अंग, बॉनेटखालचा भाग, सगळं रंगवावं लागतं, नाहीतर दार उघडलं की जुना रंग दिसतोच.

गाडी वरळीला समुद्रासमोर असते. चालकाच्या दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर रुपयाएवढे फुगे आलेत. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर? (वाचक, वरळी)

एका पावसाळ्यात फुगे परत येतील, आणि मोठे होऊन. वरून दिसणारा फुगा हा आतून बाहेर आलेल्या गंजाचा शेवटचा टप्पा असतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला दोन-तीन फटी असतात. त्या मातीने आणि रबराच्या चुऱ्याने बुजतात, काचेवरून आत उतरलेलं खारट पाणी तळाशी साचतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून पहिलं काम आजच करा: तारेने त्या फटी मोकळ्या करा.

मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फुगा टोचा. टोक आत गेलं, तर तिथे पत्रा उरलेला नाही. लांबी ही पत्र्याची जागा घेऊ शकत नाही, तिला मागून ओल लागली की ती सुटते. अशा ठिकाणी डेंटरकडून तुकडा वेल्ड करून घ्या. तेवढंच काम त्याच्याकडून करवून पुढचं सगळं घरी करता येतं, आणि त्यात बरेच पैसे वाचतात. चाकाच्या कमानीजवळ पेट्रोलची टाकी असते, म्हणून घरी वेल्डिंगचा विचारही नको.

टोक अडलं, तर वायर ब्रश आणि 80 नंबरच्या पेपरने फुग्याभोवती दोन इंचांपर्यंत चमकता पत्रा उघडा करा. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेला रस्ट रिमूव्हर ब्रशने लावा, डब्यावर दिलेली वेळ पाळा, धुवा आणि हेअर ड्रायरने कडकडीत सुकवा. प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. समुद्रकाठच्या हवेत उघड्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत पिवळी झाक येते आणि मग सगळं परत.

प्रायमर दोन डब्यांचा (दोन्ही मिसळून लावायचा) इपॉक्सी घ्या, ब्रशने लावला तरी चालतो, हातमोजे घाला. साधा एनॅमल प्रायमर इथे नको. बऱ्याच नव्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. एनॅमलमधल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंग अख्खा पापुद्रा होऊन सुटतो.

लांबी इपॉक्सी सुकल्यावर, त्याला हलका पेपर मारून. लिंबाएवढ्या गोळ्याला दोन शेंगदाण्यांएवढं हार्डनर, म्हणजे वजनाने साधारण 2 टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातलं तर ते हार्डनर महिन्याभराने पांढऱ्या रंगातून पिवळसर डाग बनून वर येतं. हातात चार-पाच मिनिटंच असतात, तेव्हा थोडी-थोडी कालवा. थर 3 मिलिमीटरच्या आत ठेवा. सुकल्यावर 80, 180, 320 असे पेपर, आणि सगळे कोरडे. गॅरेजमध्ये वेळ वाचवायला लांबीवर पाणी मारतात ते बघून तसं करू नका. लांबी पाणी शोषते आणि तेच पुढे नव्या फुग्यांना कारण होतं.

सपाटी डोळ्यांनी नीट कळत नाही. पातळ सुती फडकं मधे घेऊन, डोळे मिटून, तळहात आडवा फिरवा. उंचवटा लगेच हाताला लागतो. रंग पूर्ण झाल्यावर, आधी नाही, दाराच्या फटींतून आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा. आधी फवारलं तर त्याचा अंश बाहेर येऊन रंग फाटतो.

माझी सिल्व्हर वॅगन-आर आहे. बॉनेटवरून पारदर्शक पापुद्रे निघतायत, खाली रंग फिका आणि खरखरीत झालाय. मीही रोलर वापरू का? (वाचक, कांदिवली)

नाही. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवाऱ्यातून ते सगळीकडे सारखे विखुरून बसतात. रोलर किंवा ब्रश त्यांना ओढतो आणि पट्टे, ढग दिसतात. ते घासूनही जात नाहीत. मेटॅलिकला स्प्रे कॅन.

कोड बॉनेटखालच्या किंवा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मिळेल. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा Z2S असतो. त्या कोडवरून कॅन भरून देणारी दुकानं आहेत. एका बॉनेटला रंगाचे दोन आणि क्लिअरचे दोन कॅन धरा. जुनी गाडी उन्हाने बदललेली असते, म्हणून आधी कार्डावर फवारा, क्लिअर मारा, सुकू द्या आणि मगच उन्हात गाडीशी ताडून बघा.

सगळं अवलंबून आहे ते पापुद्र्याच्या कडेवर. जिथे क्लिअर संपतो तिथे एक पायरी असते. 320 च्या पेपरने ती पायरी उतरवत जा, आणि नख आडवं ओढून बघा. नख अडलं की अजून घासायचं. नख अडखळल्याशिवाय सरकलं की 600 च्या ओल्या पेपरने सगळं बॉनेट एकसारखं करा. ती पायरी राहिली तर रंगाखालून नकाशासारखी दिसते.

बॉनेट काढता आलं तर फार सोपं जातं. बिजागऱ्यांचे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्याभोवती मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे परत बसवताना फटी जुळतात. दोन माणसं लागतात. गच्चीवर नेणार असाल तर पाण्याच्या टाक्यांची झाकणं घट्ट लावा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. फवाऱ्याची धूळ खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर बसते आणि मग शेजाऱ्यांशी वाद.

कॅन आत गोळी वाजू लागल्यानंतर पूर्ण दोन मिनिटं हलवा. 20 ते 25 सेंटिमीटर अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. बटण कडेबाहेर दाबायला सुरुवात करायची आणि कडेबाहेरच सोडायचं. दोन हातांमध्ये दहा मिनिटं. रंगाचा शेवटचा हात जरा लांबून, हलका, म्हणजे कणांचे ढग मिटतात. सिल्व्हरवर पेपर मारायचा नाही, एखादा दाणा पडला तर नुसत्या तेवढ्या जागी 1000 ने टिपून पुन्हा फवारा. क्लिअर त्याच सत्रात, दोन-तीन हात. साध्या कॅनचा क्लिअर पेट्रोल सांडल्यावर मऊ होतो आणि गॅरेजच्या क्लिअरइतका टिकत नाही, हे धरून चाला.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम रंगाची. वर किती थर आहेत माहीत नाही. घरी रंगवावी का? (वाचक, दादर)

ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्यानंतर उरलेल्या खासगी गाड्यांना जपायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून पेपर हातात घेण्याआधी वर काय आहे ते ओळखा. पांढरं फडकं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून दिसणार नाही अशा जागी दोन मिनिटं धरा. रंग विरघळून फडक्यावर आला, तर तो जुना ड्यूको, म्हणजे एनसी. सुरकुतला, तर एनॅमल. काहीच झालं नाही, तर नंतरचा पीयू.

ड्यूको असेल, आणि तडे नसतील, तर रंगवू नका. तो कंपाउंडने सुंदर उजळतो आणि कुर्ल्याच्या कारखान्यातला मूळ रंग असेल तर तो परत मिळणार नाही. एनॅमल असेल तर वर पुन्हा एनॅमल चालतो, रोलरने सुद्धा, पहिल्या उत्तरातल्या पद्धतीने. ड्यूकोवर एनॅमलही चालतो. उलटं मात्र नाही: एनॅमलवर एनसी मारला की तो खालच्याला उचलतो.

सुकलेल्या तळ्यासारखे तडे असतील, तर थर जास्त झालेत, ते उतरवावेच लागतात. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि लालमध्ये, शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ओला पेपरच वापरा, गाळ वर्तमानपत्रावर गोळा करा, मुलं आणि कुंड्या लांब ठेवा, कपडे वेगळे धुवा.

रंग दिला, रात्री बरा होता, सकाळी चकाकी गेलेली आणि पांढुरकी झाक. शिवाय काही ठिकाणी गोल-गोल छिद्रं. काय चुकलं? (वाचक, घाटकोपर)

दोन वेगळ्या चुका आहेत. पांढुरकी झाक दवाची. तुम्ही संध्याकाळी रंग दिला असणार. रात्री पत्रा हवेपेक्षा थंड होतो, त्यावर दव धरतं आणि न सुकलेल्या रंगाची चकाकी खातं. दुपारी बाराच्या आत हात संपला तर संध्याकाळपर्यंत वर साय धरते आणि दव काही करत नाही. आता आठवडाभर सुकू द्या, 800 ने मारा आणि एक हात पुन्हा द्या.

गोल छिद्रं, ज्यांना गॅरेजमध्ये फिश-आय म्हणतात, ती सिलिकॉनमुळे. डॅशबोर्ड पॉलिश, टायर शाइन, काही वॅक्स, यांचा पुसट थरही रंगाला बाजूला ढकलतो. वरून जाड रंग ओतून ती बुजत नाहीत. सुकल्यावर तेवढी जागा घासून, लिक्विडने धुऊन, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, आणि ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने उचलून घ्या. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर सिलिकॉन पसरतो. पेट्रोलने पुसू नका: त्याची वाफ पेट घेते आणि सुकल्यावर मागे अंश राहतो.

टर्पेंटाइन आणि एनॅमलची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात टाका. उरलेलं टर्पेंटाइन गटारात ओतायचं नाही, बाटलीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं रोलर धुवायला परत चालतं.

मित्राचा छोटा कॉम्प्रेसर आणि गन मिळतेय. आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये रविवारी पीयू मारून टाकू का? साधा मास्क आहे. (वाचक, मुलुंड)

कृपा करून नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला की दम्यासारखा त्रास होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वासानेही झटका येऊ शकतो. कापडी मास्क तर नाहीच, कोळशाच्या काडतुसाचा मास्कही इथे पुरेसा भरवशाचा नाही: काडतूस संपलं की वास येऊन इशारा मिळत नाही. गॅरेजमध्येही यासाठी बाहेरून नळीने ताजी हवा देणारा मास्क लागतो.

बेसमेंटचा धोका वेगळा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि तिथेच पाण्याच्या पंपाची मोटर असते. मोटर सुरू होतानाची एक ठिणगी पुरते.

गन वापरायचीच असेल तर उघड्यावर, एनॅमल किंवा एनसी, गाड्यांपासून लांब, आणि सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी घेऊन. पण आमचं मत विचाराल तर उघड्यावर गनपेक्षा रोलर बरा: धूळ उडत नाही, शेजारची गाडी खराब होत नाही, आणि छोट्या टाकीच्या कॉम्प्रेसरचा दाब अर्ध्या बॉनेटवरच पडतो, मग फवारा थेंब-थेंब येऊ लागतो. पीयूच हवा असेल तर घासणं, लांबी, प्रायमर, सगळं घरी करून गाडी फक्त रंगासाठी गॅरेजमध्ये द्या. मजुरीचा मोठा भाग घासण्याचाच असतो. मात्र आधी त्या पेंटरला विचारा की तो कोणत्या प्रायमरवर मारायला तयार आहे, आणि तोच वापरा.

रंग झाल्यावर कव्हर कधी घालायचं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. एनॅमलवर पहिला महिना अजिबात नाही. कापड मऊ रंगात ठसे उमटवतं. पांढरा एनॅमल तर अंधारात राहिला की पिवळट पडतो, त्याला उजेड लागतो. त्या महिन्यात वॅक्सही नको. कावळा-कबुतरांची घाण मात्र त्याच दिवशी, घासून न काढता, ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवून उचलायची.